चूक ज्याची, दुरुस्तीही त्याचीच

चिंचवडला बहिणीकडे गेलो की भाच्याच्या संगणकावर बहुतेक वेळा एखादे यान निळ्या-हिरव्या ग्रहाभोवती फिरत असते. काही वर्षांपूर्वी, तो आठवीत असताना, त्याने एकदा कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. त्याच कक्षेत वीसएक किलोमीटर पुढे दुसरे यान होते आणि मला ते गाठायचे होते. हिंजवडीच्या रस्त्यावर पुढची गाडी गाठताना करावे तसे मी यानाचे तोंड तिकडे वळवून इंजिन पूर्ण ताकदीने सुरू केले. परिणाम असा झाला की माझे यान वरच्या, मोठ्या कक्षेत चढले, त्याच्या प्रदक्षिणेला जास्त वेळ लागू लागला आणि पुढचे यान आणखी पुढे निघून गेले. "मामा, पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी करायचा," भाचा हसत म्हणाला. "मग यान खाली येतं आणि आपोआप पुढे जातं."

माझी चूक मोठी प्रतिष्ठित निघाली. जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी-४ यानातील अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिट यांनी स्वतःच्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जाण्याचा प्रयत्न केला होता, त्यांनीही यान त्याच्या दिशेने ढकलले होते, आणि बरेच इंधन खर्ची पडल्यावर तो नाद सोडून द्यावा लागला होता. कक्षेतील गतीचे गणित तेव्हा कागदावर होते, पण ते हातात उतरलेले नव्हते. भाच्याच्या हातात ते उतरले होते, आणि तेही कोणत्याही शिकवणीशिवाय. इस्रोची स्पेडेक्स मोहीम ३० डिसेंबर २०२४ ला निघाली, दोन उपग्रहांची जोडणी एकदा-दोनदा पुढे ढकलली गेली, १२ जानेवारीला ते तीन मीटरपर्यंत जवळ आणून पुन्हा दूर नेले गेले आणि अखेर १६ जानेवारीला जोडले गेले. त्या दोन-अडीच आठवड्यांत "एवढा वेळ का लागतोय" या घरातल्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देणारा एकटा तोच होता.

त्या खेळाचे नाव 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'. या लेखाचा विषय तो खेळ नाही, पण तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांविषयी मला जे म्हणायचे आहे ते त्याच्या कथेतून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कशातून दिसत नाही. एखाद्या कंपनीत नोकरकपात झाली की आपण किती माणसे गेली ते मोजतो, त्यांच्या गृहकर्जाच्या हप्त्यांविषयी हळहळतो, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या माणसांबरोबर आणखी एक गोष्ट जाते, जिची नोंद ताळेबंदात कुठेच होत नाही. आपण कुठे आणि का चुकलो होतो, याची आठवण जाते. माझे म्हणणे असे आहे की तांत्रिक कामात ही आठवण हेच मुख्य भांडवल असते, आणि जे सरकार किंवा जी कंपनी चुकलेल्या चमूला ती चूक दुरुस्त करण्याआधीच मोडते, ती चुकीची पूर्ण किंमत मोजून तिचा माल मात्र दुकानातच सोडून येते.

हा खेळ मेक्सिको सिटीतल्या स्क्वॉड नावाच्या कंपनीत जन्मला. ती खेळ बनवणारी कंपनी नव्हतीच, ती जाहिरात आणि विपणनाची कामे करीत असे. तिथल्या फेलिपे फालांगे या तरुण प्रोग्रॅमरला नोकरी सोडून खेळ बनवायचा होता, तेव्हा मालकांनी त्याला तो तिथेच बनवू दिला. लहानपणी तो दिवाळीच्या बाणांसारख्या शोभेच्या रॉकेटांवर चांदीच्या कागदाचे बाहुले बसवून उडवत असे आणि त्या बाहुल्यांना 'कर्बल' म्हणत असे. जून २०११ मध्ये खेळाची पहिली कच्ची आवृत्ती लोकांसमोर आली आणि एप्रिल २०१५ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती. मधल्या चार वर्षांत आणि नंतरही खेळाडू रॉकेटे पाडत राहिले, तक्रारी करत राहिले आणि तो छोटासा चमू दुरुस्त्या करत राहिला. पुढे नासाबरोबर लघुग्रह पकडण्याच्या मोहिमेचा भाग आणि युरोपीय अंतराळ संस्थेबरोबर धूमकेतूपर्यंत गेलेल्या रोझेटा यानाच्या धर्तीवरच्या मोहिमा या खेळात आल्या.

या खेळाचे एक जुने दुखणे होते. रॉकेट उंच झाले की त्याचे सुटे भाग एकमेकांना रबराने जोडल्यासारखे हलत आणि ते उसासारखे डोलू लागे. खरे रॉकेटही थोडे वाकते, पण इतके डोलत नाही; संगणकाला प्रत्येक सांध्यावरचे बल वेगवेगळे मोजावे लागते आणि सांध्यांची साखळी लांबली की लहान-लहान चुका साचत जातात. खेळाडू त्यावर आडव्या-तिडव्या पट्ट्या ठोकून काम चालवत. २०१६ मध्ये चमूने भागांना आपोआप घट्ट बांधणारी सोय दिली आणि दुखणे बऱ्याच अंशी आटोक्यात आले. पहिल्या आवृत्तीपासून त्या ठिकाणी पोहोचायला पाच वर्षे लागली होती. कोणत्या सांध्याला किती ताठर केले की सगळा डोलारा स्फोटासारखा उधळतो, हे ज्यांनी पाहिले होते त्यांच्याच डोक्यात ते राहिले.

२०१७ मध्ये टेक-टू या अमेरिकी कंपनीने हा खेळ विकत घेतला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये दुसऱ्या भागाची घोषणा झाली. तो बनवायला दिला होता वॉशिंग्टन राज्यातल्या स्टार थिअरी या वेगळ्याच स्टुडिओला. डिसेंबर २०१९ मध्ये टेक-टूने ते काम त्या स्टुडिओकडून काढून घेतले आणि त्याच्या कर्मचाऱ्यांना लिंक्डइनवर संदेश पाठवून आपल्या नव्या स्टुडिओत येण्याचे आमंत्रण दिले. काही गेले, काही गेले नाहीत. मार्च २०२० मध्ये स्टार थिअरी बंद पडली. म्हणजे पहिला खेळ घडवणाऱ्यांपासून काम एकदा तुटले, आणि नव्यांनी थोडेफार शिकून घेतल्यावर पुन्हा एकदा तुटले. फेब्रुवारी २०२३ मध्ये जवळजवळ ५० डॉलर किमतीला जो दुसरा भाग अर्धवट अवस्थेत विक्रीला आला, तो चांगल्या संगणकांवरही अडखळत होता. आणि त्यातली उंच रॉकेटे डोलत होती.

इथे मला थांबावेसे वाटते. पैसा पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त होता, संगणक अधिक ताकदवान होते, माणसे हुशार होती आणि पहिला खेळ समोर तयार उभा होता. तरीही आधीच्यांनी पाच वर्षे झुंजून आटोक्यात आणलेले दुखणे नव्या घरात पुन्हा दारात उभे राहिले. वसाहती, दूरच्या ताऱ्यांचा प्रवास, अनेकांनी मिळून खेळण्याची सोय, ही आश्वासने आश्वासनेच राहिली. २०२४ च्या वसंतात स्टुडिओ बंद होत असल्याची पहिली ठोस खूण खेळाडूंना मिळाली ती वॉशिंग्टन राज्याच्या रोजगार खात्याने प्रसिद्ध केलेल्या नोटिशीत. सिएटलमधल्या ७० जणांची नोकरी जाणार, एवढाच त्यात मजकूर होता. या नोटिशीकडे मी शेवटी परत येणार आहे.

"सगळे लिहून ठेवले की झाले, माणसे कशाला लागतात," असे म्हणणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी एक जुनी हकिकत आहे. चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात एफ-१ नावाची पाच इंजिने असत, प्रत्येकाचा रेटा सुमारे ६८० टनांचा. या रॉकेटचे आराखडे हरवले अशी एक आख्यायिका आहे, ती खोटी आहे. आराखडे जपून ठेवलेले आहेत. तरीही २०१२-१३ च्या सुमारास नासाच्या मार्शल केंद्रातल्या तरुण अभियंत्यांना हे इंजिन समजून घ्यायचे होते तेव्हा त्यांना संग्रहातले जुने इंजिन सुटे करून त्याचा भाग न् भाग त्रिमितीत मोजून काढावा लागला. कारण १९६० च्या दशकात प्रत्येक इंजिन थोडेफार हाताने जुळवलेले होते, आणि वेल्डरने कुठे टाका जास्त दिला, कुठे आराखडा बाजूला ठेवून काम साधले, ते कागदावर आलेच नव्हते. अपोलो मोहिमेवर ऐन भरात सुमारे ४ लाख माणसे काम करीत होती. १९७२ नंतर ती पांगली आणि टाके त्यांच्याबरोबर गेले.

आमच्या हिंजवडीत या टाक्यांचा प्रश्न 'केटी' नावाच्या विधीने सोडवला जातो. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. ज्याचा नोटीस पीरियड सुरू आहे असा माणूस पडद्यावर फायली उघडत जातो, ज्याच्या गळ्यात ते काम पडणार आहे तो "हो, हो" म्हणत मनातल्या मनात जेवणाची वेळ बघत असतो, सगळे रेकॉर्ड होते आणि ते रेकॉर्डिंग पुढे कोणीही बघत नाही. एकदा अशाच एका बैठकीत मी बोलणाऱ्याच्या खुर्चीत होतो. कोडमध्ये एका ठिकाणी तीन सेकंदांचे वाट बघणे मी मुद्दाम घातले होते, कारण ते नसताना वर्षातून दोन-तीनदा, महिनाअखेरीच्या गर्दीत, एकाच ग्राहकाचे पैसे दोनदा वळते होत असत. मी ते सांगितले. वर्षाभराने जुन्या सहकाऱ्याकडून कळले की "हे उगाच का थांबतंय" म्हणून कोणीतरी ते तीन सेकंद काढून टाकले आणि दोनदा पैसे वळते होण्याचा प्रकार पुन्हा घडला. काढणाऱ्याला मी दोष देत नाही. ज्या रात्री ती चूक पहिल्यांदा सापडली त्या रात्री तो तिथे नव्हता, मी होतो; एवढाच आमच्यातला फरक.

याच्या उलटचे उदाहरण आपल्या घरातले आहे. ६ आणि ७ सप्टेंबर २०१९ च्या मधल्या रात्री चांद्रयान-२ चे विक्रम लँडर उतरता उतरता चंद्रावर आदळले. सकाळी पंतप्रधानांनी इस्रोच्या अध्यक्षांना मारलेल्या मिठीचे छायाचित्र सर्वांनी पाहिले. त्यानंतरची चार वर्षे फारशी कोणी पाहिली नाहीत. २०२३ मध्ये इस्रोचे त्या वेळचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी चूक उलगडून सांगितली ती अशी: पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा थोडा जास्त रेटा दिला, त्यातून निर्माण झालेल्या चुका साचत गेल्या, त्या सुधारायला यानाला फार वेगाने वळावे लागले आणि तेवढे वेगाने वळण्याची मुभा प्रणालीत नव्हती, शिवाय उतरण्याची जागा अवघी ५०० मीटर लांब आणि ५०० मीटर रुंद होती, त्यामुळे तिथेच पोहोचण्याच्या धडपडीत यानाचा वेग आणखी वाढला. पुढच्या वेळी रचनेचा प्रश्नच बदलला. काय काय नीट चालेल यावरून नव्हे, काय काय बिघडू शकेल यावरून यान उभे केले गेले. उतरण्याची जागा चार किलोमीटर लांब केली, मधले पाचवे इंजिन काढले, पाय मजबूत केले, इंधन वाढवले आणि चाचण्यांसाठी हेलिकॉप्टर व क्रेन वापरल्या. २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी यान उतरले. संस्था तीच होती, आणि चांद्रयान-२ वर राबलेली कितीतरी माणसे चांद्रयान-३ वरही होती, प्रकल्पाच्या सहसंचालक के. कल्पना यांच्यासारखी, ज्यांचा चेहरा त्या संध्याकाळी घराघरात पोहोचला. आदळलेल्या यानाचे आकडे ज्यांनी स्वतः डोळ्यांनी वाचले होते, त्यांच्याच हाती नवे यान दिले गेले होते.

आता पुण्याकडे वळतो. २०२० च्या सप्टेंबरमध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या आपल्या २००३ च्या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती जाहीर केली, आणि ती कंपनीच्या पुणे व मुंबईच्या स्टुडिओंत घडत होती. आपल्याकडच्या स्टुडिओंना तोवर बहुधा इतरांच्या खेळांचे तुकडे पुरवण्याचे काम मिळे; अख्खा नावाजलेला खेळ सोपवला जाणे ही मोठी गोष्ट होती. पहिल्या झलकीतल्या चित्रांवर जगभरातून टीका झाली, तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला हलवले गेले. मूळ खेळ माँट्रियलचाच होता, तेव्हा हा निर्णय अगदीच अनाकलनीय म्हणता येणार नाही. कंपनीचे पैसे, कंपनीचा खेळ. तरीही मला त्यात एक गोष्ट खटकते. टीका पुणे-मुंबईच्या वाट्याला आली, पण त्या टीकेतून शिकून दुसऱ्यांदा करण्याची संधी मात्र कॅनडाला मिळाली. विक्रम आदळल्यावर चांद्रयान-३ चे काम परदेशी संस्थेकडे दिले असते, तर यान कदाचित उतरलेही असते. बेंगळुरूला मात्र उतरवता आले नसते.

यावर जे आक्षेप येतील ते मला दिसतात आणि त्यातले दोन वजनदार आहेत.

पहिला असा की इस्रो करदात्यांच्या पैशावर चालते, तिला तोट्याची भीती नाही. खाजगी कंपनीने बुडीत खेळावर किती वर्षे माणसे पोसायची? शिवाय सरकारी संस्था तरी कुठे माणसे जपतात? ही दुसरी बाजू खरीच आहे. मंगळावरचे नमुने आणण्याच्या मोहिमेचा निधी आटल्यावर नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीने फेब्रुवारी २०२४ मध्ये ५३० जणांना, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुमारे ३२५ जणांना आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी सुमारे ५५० जणांना कमी केले. गंमत अशी की याच प्रयोगशाळेने त्याच २०२४ मध्ये, १९७७ साली सुटलेल्या व्हॉयेजर-१ ला पुन्हा बोलते केले होते. चोवीस अब्ज किलोमीटरवरून ते निरर्थक आकडे पाठवू लागले होते. एक स्मृती-चिप निकामी झाली होती, आणि अभियंत्यांनी जुने कागद धुंडाळून तिच्यावरचा प्रोग्रॅम तुकड्यातुकड्यांनी इतर जागी हलवला. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर यायला ४५ तास लागत होते. तेव्हा सरकारी ते चांगले आणि खाजगी ते वाईट, असा हा हिशेब नाही. माझे एवढेच म्हणणे आहे की कंपनीने तोट्याचा हिशेब मांडताना गमावलेल्या आठवणीचीही किंमत धरावी. दुसऱ्या कर्बलच्या बाबतीत ती धरली असती तर काम दोनदा हलवणे स्वस्त ठरले नसते, असे मला वाटते. गेल्या काही वर्षांत हे सर्रास झाले आहे: जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळांच्या विभागातून १,९०० माणसे काढली, पुढच्याच महिन्यात सोनीने ९००. त्यातल्या कोणाला कोणते तीन सेकंद ठाऊक होते, हे कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप आम्हा नोकरदारांवरच उलटतो. कंपन्या माणसे टिकवत नाहीत म्हणता, पण माणसे तरी कुठे टिकतात? दर दोन वर्षांनी 'स्विच' मारणारे आम्हीच. मी स्वतः पहिल्या सहा वर्षांत तीन कंपन्या बदलल्या, आणि दर वेळी कारण एकच होते: आतल्या माणसाला आठ टक्के वाढ आणि बाहेरून येणाऱ्याला चाळीस. पण म्हणजे राहणाऱ्याला शिक्षा आणि जाणाऱ्याला बक्षीस ही रचना कर्मचाऱ्यांनी केलेली नाही. ज्याला आपण तरुणांची चंचलता म्हणतो ती बऱ्याच अंशी पगारपत्रकाने शिकवलेली असते.

हे सगळे आजच लिहिण्याचे कारण असे की खेळ बनवणे हा आता महाराष्ट्र सरकारचाही विषय झाला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्स यांसाठीचे धोरण मंजूर केले, त्यासाठी ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा आणि २ लाख रोजगारांचे उद्दिष्ट सांगितले गेले. (आपल्याकडे 'गेमिंग' म्हटले की निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर पैसे लावून ऑनलाइन खेळायची रमी येते, त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या कायद्याने तिच्यावर बंदी आल्यावर भाच्याच्या आजीने "मग तुझा रॉकेटचा खेळ बंद होणार का" असे विचारले होते.) धोरण हवेच. पण जनतेचा पैसा देऊन रोजगार मोजायचे, तर ते कसे मोजणार? ३०० माणसांचा स्टुडिओ उघडला, अनुदान घेतले, एक परदेशी काम संपल्यावर २०० कमी केली, पुढच्या कामाला नवी २०० भरली, तर ते ५०० रोजगार झाले की एकही पक्का चमू झाला नाही? तुकडे पुरवणारे स्टुडिओ आपल्याकडे आहेतच. स्वतःचा खेळ घडवायचा तर एकदा फसून पुन्हा करणारा चमू लागतो, आणि तसा चमू पाच-सात वर्षे एकत्र राहिल्याशिवाय तयार होत नाही.

म्हणून सिएटलच्या त्या नोटिशीकडे परत येतो. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना सामूहिक कपातीची सूचना ६० दिवस आधी द्यावी लागते आणि अनेक राज्ये ती जाहीर करतात. कपात थांबवण्याची ताकद त्या कायद्यात नाही, पण ती उघड्यावर तरी येते. आपल्याकडे कपातीसाठी सरकारी परवानगीची तरतूद कारखाने, खाणी आणि मळे यांच्यासाठी आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने तिची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. संगणकासमोर बसणारा अभियंता कायद्याच्या व्याख्येत कामगार आहे की नाही, यावरच वाद घालत वर्षे जातात. तसेही आपल्याकडे कपात होतच नाही, राजीनामे होतात. एचआरच्या खोलीत बोलावून "आज संध्याकाळपर्यंत मेल टाका, म्हणजे रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल" असे सांगितले जाते आणि माणूस स्वखुशीने गेल्याची नोंद होते. त्यामुळे अमेरिकेसारखी नोटिशीची यादी इथे केली तरी ती कोरीच राहील.

तेव्हा नोटीस मागू नये, आकडा मागावा. या धोरणाखाली अनुदान घेणाऱ्या प्रत्येक स्टुडिओने पहिल्या वर्षी कामावर असलेल्यांपैकी तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी किती जण अजून तिथेच आहेत, हे जाहीर करावे, आणि अनुदानाचा शेवटचा हप्ता त्या आकड्याशी बांधावा. राजीनामा दिला की घेतला, या वादात पडायची गरज उरत नाही. त्यासाठी नवे खातेही उघडावे लागणार नाही, कारण कोण कधी रुजू झाला आणि कोणत्या तारखेला बाहेर पडला, हे कंपन्या भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत आजही भरतातच. कोणाचे नाव उघड करायचे नाही, फक्त बेरीज मागायची. स्टुडिओ याला विरोध करतील आणि गुंतवणूक कर्नाटकात जाईल अशी भीती घालतील. ती भीती अगदीच पोकळ नाही, म्हणून सुरुवात अनुदान घेणाऱ्यांपासूनच करावी. ज्यांना आकडा द्यायचा नाही त्यांनी पैसेही घेऊ नयेत.

भाचा आता संगणक अभियांत्रिकीला आहे. यानांचा खेळ तो अजूनही जुनाच खेळतो. दुसरा भाग त्याने पैसे साठवून घेतला होता, तो महिन्याभरात काढून टाकला. परवा त्याने मला विचारले की पुण्यात खेळ बनवण्याची नोकरी धरली तर कोणत्या स्टुडिओत धरावी. पगाराचे आकडे मला कोणाकडूनही कळले असते. तिथली माणसे किती वर्षे टिकतात, हे मात्र मी त्याला सांगू शकलो नाही.